मंगळवारचे सामने

आमच्या डोंबिवलीत बेकार माणूस एकही नव्हता. हे मी म्हणत नाही, आमच्या ग्रामपंचायतीने सरकारला तसं लेखी कळवलं होतं, आणि त्या कागदाखाली इतर सभासदांबरोबर माझीही सही होती. सही करताना मी टाक इतका दाबला, की कागद फाटायचाच राहिला. रागाने.

नवे पैसे यायच्या आधीची, आणे-पैचा हिशेब चालायचा तेव्हाची ही गोष्ट. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की भातशेती सुरू व्हायची. गावात दोन तऱ्हेची माणसं होती. एक पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, शेती आणि खाडीकडची मिठागरं सांभाळणारी. दुसरी आमच्यासारखी, मुंबईत जागा मिळत नाही म्हणून इथे बिऱ्हाड केलेली, कचेरीत कारकुनी करणारी. ते आम्हाला ‘भाडोत्री’ म्हणायचे, आम्ही त्यांना ‘गाववाले’. एकमेकांकडे हळदीकुंकवालासुद्धा जाणं-येणं नव्हतं. पण एका बाबतीत दोघं सारखेच होते. घरातलं उणं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी पंचायतीत कशी आले ते आधी सांगते. बायकांसाठी एक जागा राखीव होती आणि ती भरणं भाग होतं. आपल्या घरातली बाई द्यायला कोणीच तयार होईना. माझे सासरे, म्हणजे मामंजी, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. गावात त्यांच्या शब्दाला मान. सरपंच त्यांच्याकडे येऊन बसले, तेव्हा मामंजी म्हणाले, “आमची सूनबाई मॅट्रिक आहे. महिन्यातून एकदा जाऊन नुसतं बसायचं ना? बसेल.” माझ्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला तो इथे. मला नुसतं बसता येत नाही.

पहिल्या सभेला माझी खुर्ची बाकीच्यांपासून लांब, दाराशी ठेवली होती. मी ती उचलली आणि टेबलाशी नेऊन ठेवली. पुढच्या सभेला ती टेबलाशीच होती.

मग ती योजना आली. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते, जो तो कारखान्यांची भाषा बोलत होता. अंबरनाथकडे, ठाण्याकडे धुराडी उभी राहत होती आणि तिथे लेथ चालवणारी, फिटिंग करणारी माणसं मिळत नव्हती. ठाण्याच्या कचेरीतून पत्रक आलं, की या भागात एका ठिकाणी टर्नर-फिटरचा वर्ग काढायचा आहे. यंत्रं सरकार देईल, शिकवणारा सरकार देईल, शिकणाऱ्याला जेवणापुरतं विद्यावेतनही देईल. गावाने दोन गोष्टी करायच्या. जागा द्यायची, आणि गावात बिनकामाचे तरुण किती आहेत ते दाखवायचं.

जागा आमच्याकडे होती. लढाईच्या दिवसांत लष्कराने गावाबाहेर एक लांबलचक पत्र्याची शेड बांधली होती. लढाई संपली, लष्कर गेलं, शेड पंचायतीच्या गळ्यात पडली. तिच्यात शेळ्या बसायच्या. ती झाडून दिली की झालं, असं सगळ्यांना वाटत होतं. वर्गासाठी कल्याणनेही अर्ज केला होता. कल्याण म्हणजे मोठी नगरपालिका, तिथे वकील, तिथे छापील अर्ज. पण शेड कल्याणकडे नव्हती.

मला तो वर्ग हवाच होता. का हवा होता, हे लपवायचं काही कारण नाही. माझे धाकटे दीर, भाऊजी, इंटरला दोनदा बसले आणि दोनदा आपटले. पुस्तक समोर धरलं की त्यांचे डोळे मिटायचे, आणि बिघडलेला स्टोव्ह समोर ठेवला की लख्ख उघडायचे. आळीतल्या बायका माझ्याकडे स्टोव्ह, शिवणयंत्रं आणून देत. मामंजी सकाळ-संध्याकाळ फिरायला बाहेर पडले की भाऊजी मागच्या अंगणात बसून ती दुरुस्त करत. मामंजी परतायच्या आत विहिरीवर जाऊन राखेने हात घासत, कातडी लाल होईपर्यंत घासत, आणि मागल्या दाराने आत येऊन पुस्तक उघडून बसत.

एकदा मामंजी लवकर आले. भाऊजी पुढच्या ओटीवर उभे, हात कोपरापर्यंत काळे. मामंजी ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, “आपल्या घरात आजवर सगळ्यांनी लेखणी धरली. असले हात घेऊन पुढच्या दाराने येत जाऊ नकोस.” त्या दिवसापासून भाऊजी, हात स्वच्छ असले तरीसुद्धा, मागल्या दारानेच येऊ-जाऊ लागले. मामंजींनी ओळखीच्या कचेऱ्यांत चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. त्यांची उत्तरं येत नव्हती. तेविशीतला धडधाकट मुलगा स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होता, आणि कोणी विचारलं तर आम्ही सांगायचं, अभ्यास करताहेत. माझे यजमान सकाळी निघायचे ते दिवेलागणीनंतर यायचे, त्यांना म्हटलं तर म्हणत, “बाबांपुढे मी काय बोलू?” मला भाऊजींची कीव येत नव्हती. मला संताप यायचा. हा वर्ग आला तर हा मुलगा माणसात येईल, नाही आला तर जन्मभर मागल्या दाराने ये-जा करेल, हे मला दिसत होतं.

पाहणीसाठी आम्ही घरोघर गेलो. पंचायतीचा कारकून, सरपंच आणि मी. सरपंच गाववाल्यांपैकी. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, बोलायला कमी आणि कानाने फार तिखट. प्रश्न एकच विचारायचा होता, घरात अठराच्या वरचा कोणी मुलगा कामाशिवाय आहे का?

आमच्या आळीतली उत्तरं मला अजून पाठ आहेत. “छे छे, तो टायपिंग शिकतोय.” “मुंबईच्या एका मोठ्या साहेबाशी बोलणं झालंय, आज-उद्या पत्र येईल.” “तो ना? त्याची प्रकृती जरा नाजूक आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.” हे शेवटचं ज्या घरात ऐकलं, तिथला मुलगा आतून पानावर बसल्याबसल्या तिसऱ्यांदा भात मागत होता. मी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने लिहिलं, निरंक.

गाववाल्यांच्या घरी उत्तर एकच. “बेकार? आमचे घरान? शेती हाय ना.” शेती होती, खरं आहे. पण भाताचं एकच पीक. कापणी-झोडणी झाली की जूनपर्यंत चार भावांनी मिळून एका बैलाकडे बघत बसायचं. मिठागरांवर पूर्वीसारखी माणसं लागत नव्हती. खुद्द सरपंचांचे दोन मुलगे देवळाच्या कट्ट्यावर पत्ते कुटताना मी रोज पाहत होते. सरपंचांच्या घरासमोर आलो तेव्हा ते थांबले नाहीत, चालताचालताच कारकुनाला म्हणाले, “आपल्याकडं कोन नाय. पुढं चल.”

आणि मग आमचं घर. मामंजी झोपाळ्यावर बसले होते. कारकुनाने प्रश्न विचारला. मी, या घरची सून, पंचायतीची सभासद म्हणून त्याच्या शेजारी उभी.

“लिहा,” मामंजी म्हणाले, “या घरात कोणी बेकार नाही. धाकटे चिरंजीव परीक्षेची तयारी करताहेत.”

आतल्या खोलीच्या दारात भाऊजी उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि आत गेले. त्या काळी सासऱ्यांना चारचौघांत उलट बोलणाऱ्या सुनेचं काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण स्वयंपाकघरात गेल्यावर मी पितळेचं पातेलं असं आदळलं, की त्याला पडलेला पोचा पुढे तांबटालाही काढता आला नाही.

सभेत मी विरोध केला. घरोघरी मातीच्या चुली आहेत, सगळ्यांना माहीत आहे, मग लपवायचं कोणापासून, असं विचारलं. मी एकटी पडले, ठराव झाला, सह्या झाल्या, आणि सभेला हजर म्हणून माझीही घेतली गेली.

व्हायचं तेच झालं. ठाण्याहून उत्तर आलं की गावात गरज दिसून येत नाही, सबब विचार करता येत नाही.

सरपंचांना म्हटलं, चला, ठाण्याला जाऊ. ते कुरकुरत आले. कचेरीत एक उंच, किडकिडीत अधिकारी होते, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. माणूस सज्जन होता, हेच अवघड होतं. आमचा कागद काढून त्यांनी वाचला आणि प्रामाणिक आनंदाने म्हणाले, “बाई, तुमचं गाव भाग्यवान आहे. माझ्याकडे जी गावं येतात ती रडत येतात. तुमच्याकडे सगळे कामाला लागलेले आहेत. मग ज्यांना नड आहे त्यांना आधी द्यायला नको का?”

“साहेब, तो कागद खोटा आहे,” मी म्हणाले.

सरपंच खुर्चीत चुळबुळले. साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. “खाली तुमची सही आहे.”

“आहे. आणि तरी खोटा आहे.”

“बाई, मी गावाच्या कागदावर विश्वास ठेवायचा की तुमच्या तोंडावर? मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वरती काही लिहीत नाही, आणि तुमच्या गावी येऊन बघायचं तरी काय? बेकार माणसाच्या कपाळावर लिहिलेलं असतं?” मग जरा नरमाईने म्हणाले, “येत्या महिन्यात मी कल्याणला जागा पाहायला जाणार आहे. त्याआधी काही सुचलं तर कळवा.”

परतताना सरपंच म्हणाले, “बाय, साहेबाला घरी बोलावू. तोरन बांदू, कोंबडी कापू, बघेल आनि देईल.”

“तोरण बांधलं तर तो म्हणेल, वा, गाव सुखी आहे,” मी म्हणाले. “आपण आजवर पाहुण्याला उणं दाखवायला शिकलोच नाही, हीच तर अडचण आहे.”

गाडीतून उतरून आम्ही शेतांकडच्या वाटेने निघालो. भर दुपार, आठवड्यातला कामाचा दिवस. लष्करी शेडजवळ आलो तर समोरच्या मोकळ्या खाचरात हुतुतू रंगला होता. भात कापून झालं होतं, जमीन टणक, आणि ही गर्दी. माझी नजर एका गड्यावर गेली. तिघांनी त्याला धरून ठेवलं होतं, आणि तो त्या तिघांना अंगावर ओढत ‘हुतुतूतू’ करत मधल्या रेषेकडे सरकत होता. हा तोच, नाजूक प्रकृतीचा! त्याची तंगडी धरून लोंबकळणारा होता मोठ्या साहेबाच्या पत्राची वाट पाहणारा. समोर लंगोट कसून उभे होते सरपंचांचे दोघं चिरंजीव. भाडोत्री आणि गाववाले, जे एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते, ते इथे एकमेकांच्या अंगावर पडून धुळीत लोळत होते.

मी जागच्या जागी थांबले आणि मोठ्याने हसले. सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. उन्हाने हिला काही झालं की काय, असं त्यांना वाटलं असावं.

“सरपंच,” मी म्हणाले, “आपण सामने भरवू. पंचायतीतर्फे. ढाल ठेवू. आळीआळीचे, पाड्यापाड्याचे संघ. शाळेतली मुलं नकोत, अठराच्या वरचेच गडी.”

“भरवू की. रविवारी ठेवा, सगले येतील.”

“रविवारी नको. मंगळवारी. दुपारी. आणि अध्यक्ष म्हणून ठाण्याच्या साहेबांना बोलवू.”

सरपंच थोडं चालले. मग थांबले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. “बाय,” ते म्हणाले, “तू बामनाची नसतीस तं मी तुला भाताचे वेपारान घेतली असती.”

कोणाला काही विचारायचं नव्हतं, कोणी काही कबूल करायचं नव्हतं. फक्त खेळायला यायचं होतं. ढालीचं नाव काढताच, एकही बेकार नसलेल्या आमच्या गावातून इतके संघ आले, की कारकुनाला सकाळी नऊपासून सामने लावावे लागले. साहेबांना निमंत्रण घेऊन सरपंच स्वतः गेले. “मंगळवारी सामने?” साहेबांनी विचारलं म्हणे. “मंगलवारी,” सरपंच म्हणाले आणि नमस्कार करून निघून आले.

पंच म्हणून मामंजींना बोलवायचं ठरलं. ते मीच सुचवलं, आणि विचार करून सुचवलं. गावात भांडण न होता सामने पार पडायचे तर त्यांच्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. शाळेत असताना ते मैदानावर उभे राहिले की दोन्ही बाजू गप्प बसत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पंचाचा निर्णय फिरत नाही. शिवाय मला त्यांना ते दृश्य दाखवायचं होतं. घरात बसून माणसाला फक्त आपलंच झाकलेलं दिसतं.

मंगळवारी सकाळपासून खाचर फुललं. गाववाल्या बायका एका बांधावर, आमच्या आळीतल्या दुसऱ्या बांधावर. मधे गुळाच्या पाण्याचे हंडे. भाऊजी खेळाडू नव्हते. शेडचा दरवाजा गंजून अडकला होता, तो त्यांनी पहाटेच जाऊन मोकळा केला होता, आणि आता शेडच्या सावलीत गड्यांच्या घोळक्यात बसले होते. हात धुतलेले, तरी अंग चोरून.

साहेब दुपारी आले. त्यांना पंचांशेजारी खुर्ची दिली. एक सामना बघितला, दुसरा बघितला. उपान्त्य सामन्यात सरपंचांचा मोठा मुलगा रेषेवर पकडला गेला. दम आधी तुटला की रेषेला हात आधी लागला, यावर कल्ला झाला. मामंजींनी शिट्टी फुंकून बोट वर केलं. बाद. सरपंचांच्या पाड्याने आरडाओरडा केला, मामंजी पुतळ्यासारखे उभे राहिले, मग सगळे निमूट आपल्या जागी गेले. साहेब ते सगळं कौतुकाने पाहत होते. पण मला दिसत होतं, आता त्यांचे डोळे खेळावर नव्हते. ते बाजूला बसलेल्यांकडे बघत होते. वाट पाहणारे संघ, हरलेले संघ, नुसते बघायला आलेले. हातापायाने भक्कम, पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि दुपारचे तीन वाजलेले.

ढाल देऊन झाली. साहेब बोलायला उठले. अध्यक्ष बोलतात तसं काही बोलले नाहीत.

“आज वार कोणता?” त्यांनी विचारलं.

“मंगळवार!” पोरं ओरडली.

“उद्या सकाळी ज्याला कामावर जायचं असेल त्याने हात वर करावा.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. मला वाटलं होतं तसंच घडत होतं, तरी मला ते बघवेना. उघडं पाडणं सोपं असतं, पण ज्यांना उघडं पाडतो ती आपलीच माणसं असतात.

साहेबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांचा आवाज मऊ झाला. “बरं. या शेडमध्ये लेथ आली, तर शिकायला कोण येईल?”

आता हात वर येतील, अशी माझी खात्री होती. आला नाही. एकही नाही. पोरं आपापल्या बापाकडे, काकाकडे बघत होती, आणि बाप आणि काका साहेबांच्या डोक्यावरून लांब डोंगराकडे. भाऊजींचा हात मांडीवरून उचलला गेलेला मी पाहिला. त्यांनी मामंजींकडे पाहिलं आणि तो पुन्हा खाली ठेवला.

माझा तोल गेला. मी उभी राहिले. सून की सभासद, याचा विचार करायला वेळ नव्हता. “साहेब,” मी सुरुवात केली, “आमच्या घरात...”

शिट्टी वाजली.

मामंजी उभे होते. “मैदानात पंच उभा असताना दुसरं कोणी बोलत नाही,” ते मला म्हणाले. मी खाली बसले. संपलं सगळं, असं मला वाटलं, आणि डोळ्यांत रागाने पाणी आलं.

मामंजी साहेबांकडे वळले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “या गावाने तुम्हाला एक कागद पाठवला आहे. त्यात माझ्या घराबद्दल जे लिहिलंय ते मी सांगितलं होतं. तो निर्णय चुकीचा होता. मी तो फिरवतो.” ते क्षणभर थांबले. “माझा धाकटा मुलगा बेकार आहे. तीन वर्षं आहे. पहिलं नाव त्याचं लिहा.”

पलीकडच्या बांधावरून सरपंच उठले. खाचर ओलांडून आले आणि मामंजींच्या शेजारी उभे राहिले. “माजे दोन लिवा,” म्हणाले. “आनि गुरुजी, तो मगाचा बाद बरोबर होता.”

मग जे सुटलं ते आवरेना. आमच्या बांधावरून नाजूक प्रकृतीच्या मुलाची आई उभी राहून ओरडली, “आमचाही! आणि त्याला काही झालेलं नाही, खाऊन खाऊन माजलाय!” साऱ्या खाचरात हसू फुटलं. आपला मुलगा बेकार नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारे बाप आता, आमचा आधी, आमचा आधी, म्हणून कारकुनाच्या अंगावर पडत होते. साहेब चष्मा पुसत होते. मला म्हणाले, “बाई, दर मंगळवारी सामने असतात का तुमच्याकडे?”

“आता नाही व्हायचे,” मी म्हणाले.

वर्ग आम्हाला मिळाला. कल्याणलाही पुढे मिळाला, त्याबद्दल मला आनंदच आहे. शेडला फरशी हवी होती, ती गावाने घातली. दगड गाववाल्यांचे, हात सगळ्यांचे. भाडोत्र्यांच्या मुलांनी पहिल्या दिवशी पाट्या उचलल्या तेव्हा त्यांच्या हाताला फोड आले, आणि सरपंचांच्या बायकोने त्यांना हळद-तेल लावलं. तेव्हापासून हळदीकुंकवाला जाणं-येणं सुरू झालं.

पुढे मी गावासाठी बऱ्याच गोष्टी मागितल्या आणि बऱ्याच मिळवल्या. लोक म्हणत, ही बाई सरकारकडून काहीही आणते, हिला कोणती विद्या येते? विद्या कसली. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही असं म्हणतात, पण रडायचीही गरज नसते. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे मान वर ठेवून सांगता आलं पाहिजे. भिकाऱ्याला मान खाली घालावी लागते. खरं सांगणाऱ्याला लागत नाही. गावाच्या कामासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या तरुण मंडळींना मी आजही हेच सांगते, आणि ते माझं ऐकून घेतात, कारण मी ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

भाऊजी त्या वर्गातून पहिल्या तुकडीत बाहेर पडले आणि अंबरनाथकडच्या एका कारखान्यात लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे वाट बघत होतो. मामंजी त्या दिवशी फिरायला गेले नव्हते. ओटीवर उभे होते.

भाऊजी आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मामंजींना पाहिलं. हातांवर तेल, नखांत काळं, सदऱ्यावर लोखंडाचा कीस. सवयीने ते वळले आणि घराच्या कडेने विहिरीकडे, मागल्या दाराकडे निघाले. आळीतली माणसं आपापल्या ओट्यांवर बसलेली होती, बघत होती.

मामंजींनी त्यांना हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं.

“अरे, तिकडे कुठे चाललास? पुढच्या दाराने ये. हात मग धू.”